प्रभुभोजनाचे छोटे गिलास

बाबा बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. त्यामुळे कुठं काही खटकलं की माझा हात आधी पत्रकं छापायच्या स्टेन्सिलकडे जायचा. आणीबाणी उठल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात तो आमच्या वर्ध्याच्या चर्चसाठीच गेला.

आमच्याकडे प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतला, द्राक्षरस सगळे एकाच मोठ्या प्याल्यातून घेत. त्या वर्षी अल्लीपूरकडची काही शेतमजूर कुटुंबं मंडळीत आली, आणि चर्चच्या खजिनदार काकांना एकाएकी रोगजंतू दिसू लागले. त्यांनी नागपूरहून काचेच्या छोट्या गिलासांचा ट्रे आणला. प्रत्येकाला वेगळा गिलास. जंतू इतकी वर्षं कुठं होते, हे मी पत्रकात विचारलं आणि रविवारी गठ्ठा घेऊन दाराशी उभी राहिले.

“उपासना झाल्यावर वाटजो, पोरी,” पाळक म्हणाले. “आज प्याला अन् गिलास, दोन्ही ठेवलं आहे. ज्याले जे पाहिजे ते.”

हे मला जास्तच झोंबलं. लोक निवड करणार आणि अल्लीपूरच्या बायांनी ती बघत बसायची!

उपासना नेहमीसारखीच चालली. पापांची कबुली, शास्त्रवाचन, मग भोजनाआधी सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं ते: भाकर एक, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. लहानपणापासून पाठ असलेलं हे वाक्य त्या दिवशी मी नीट ऐकलं.

पहिल्या रांगेत काका, शेजारी काकू, त्यांच्या शेजारी अल्लीपूरची एक बाई. तिघांनी गुडघे टेकले. ट्रे आला तसा काकांनी गिलास उचलला. काकूंनी नको म्हणून मान हलवली. त्या थांबल्या, आणि दुसऱ्या टोकाकडून त्या बाईच्या ओठांवरून आलेला प्याला त्यांनी दोन्ही हातांनी धरला. मागच्या रांगाही प्याल्याकडेच वळल्या.

बाहेर आल्यावर काका पुटपुटले, “गिलास काऊन नाई घेतला?”

“आत्ताच सगळ्यांसंगं एक शरीर म्हटलं ना? लगेच वेगळा गिलास धरू? मले नाई जमत बा.”

माझ्या पत्रकाचं म्हणणंही तेच होतं. पण पत्रक घडी करून खिशात घालता येतं. इथं उपासनेत वाक्य म्हटलं की लगेच गुडघे टेकायचे, शेजारी कोण आहे ते न निवडता. मी गठ्ठा पिशवीतच ठेवला.

पुढच्या प्रभुभोजनाला काकांनी प्याल्यालाच ओठ लावले. मग ट्रे नागपूरला परत न्यायला निघाले.

“ए पत्रकवाली, कागद असतीन ना? रस्त्यात फुटतीन हे.”

मी अख्खा गठ्ठा दिला. गिलास गुंडाळता गुंडाळता ते वाचायला लागले.

“लिहितं बरी, पण माह्यावर इतकी काऊन तापली?”

“गुंडाळा काका,” मी म्हटलं, “अजून अर्धा ट्रे बाकी आहे.”