चार घरचं पाणी

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो, हायपोथॅलॅमस, पुस्तकात त्याला अधश्चेतक म्हणतात, हे मी दरवर्षी पर्समधला खरा बदाम काढून दाखवते. तहान, भूक, झोप, अंगाची ऊब, रागसुद्धा, सगळ्यांवर याची देखरेख. रक्तात मीठ जरा वाढलं की हा बदाम तहान जागी करतो आणि माणूस उठून माठाकडं जातो. पोरं माना डोलावतात. तास संपेपर्यंत कुणीतरी तो बदाम खाऊन टाकलेला असतो. एवढी वर्षं हेच शिकवून माझी खात्री झाली होती, की या विषयात मला नव्यानं कळण्यासारखं काही उरलेलं नाही.

मग माझ्या सासऱ्यांची तहान गेली.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्ती. आत्ती गडहिंग्लजकडच्या, तिकडं असंच म्हणतात. मामांनी जन्मभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली. त्यांच्या अंगातला प्रत्येक हुकूम मोठ्या आवाजातच बाहेर पडायचा. त्यांना भूक लागली की गल्लीला कळायचं. बाराच्या ठोक्याला ताट समोर नसलं, तर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते घड्याळ नीट चालतंय का अशी चौकशी करायचे. मला ते ‘बाई’ म्हणतात, शाळेतल्या बाई म्हणून. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे लग्नाला सोळा वर्षं झाली तरी मला ठरवता आलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूतली एक फुगलेली रक्तवाहिनी फुटली. ऑपरेशन झालं, मामा चालत घरी आले. भूक तीच, आवाज तोच. फक्त ते पाणी मागेनासे झाले. ऐन एप्रिलमध्ये पाण्याचा तांब्या जसाच्या तसा राहायचा, आणि विज्ञानाच्या बाईंच्या ते लक्षातही आलं नाही. उलट मी नवऱ्याला म्हणाले, मामा आता किती समजूतदार झालेत, कुणाला उठबस करायला लावत नाहीत. एका दुपारी मी शाळेतून आले, तर त्यांनी मला दारातच अडवलं आणि ट्रॉली मागं घ्यायला सांगितलं, पुढचा ट्रॅक्टर अजून काट्यावर हाय म्हणाले. चेष्टा असेल म्हणून मी हसले. पण त्यांची नजर मला ओळखत नव्हती.

दवाखान्यात कळलं, की रक्तातलं मीठ भलतंच चढलं होतं. मीठ उतरायला आठवडा लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की तहानेची जागा दुखावलीय, ती बहुतेक परत येणार नाही. पाणी मोजून द्या, फार कमी नको आणि फार जास्तही नको, रोज सकाळी वजन बघा. पुन्हा असं झालं तर या वेळेसारखे परत येतीलच असं सांगता येत नाही. मी डॉक्टरांना शहाण्यासारखं म्हटलं, की हे मी नववीला शिकवते.

घरी येऊन मी तक्ता केला. रंगीत पेनांनी आठ चौकोन, मोबाइलवर आठ गजर, वर मेंदूची आकृती. मामांनी आकृती बघितली आणि म्हणाले, “बाई, चित्र झ्याक हाय. पर मला तान न्हाय. तान न्हाय तर पाणी कशाला?”

“तहान लागणारच नाही मामा, म्हणून तर प्यायचं.”

“लागणारच न्हाय म्हणता आणि वर प्या म्हणता. ह्ये कुठलं शास्त्र?”

पहिले पंधरा दिवस ते माझ्यादेखत ग्लास घ्यायचे आणि अंगणात जायचे. तक्ता भरला, दारची जास्वंद कधी नव्हे ती बहरली, आणि मामांचं वजन दीड किलोनं उतरलं. सकाळी काट्यावर चढताना म्हणायचे, “जलमभर ऊस तोलला, आता बाई मला तोलत्यात.” आकडा बघून मी एक दिवस कडाडले. तुम्हाला मरायचंय का, असं सासऱ्याला म्हणाले. त्यांनी त्याहून मोठा आवाज लावला आणि दुपारचा ग्लास भिंतीवर फेकला. आत्ती पुसायला खाली बसल्या. मला माझीच लाज वाटली.

त्यानंतर तक्त्यातले चौकोन आत्ती भरू लागल्या आणि वजन सावरलं. आठवडा गेला, महिना गेला, काटा जागचा हलेना. शेवटी तक्त्यानंच काम केलं म्हणून मी स्टाफरूममध्ये थोडा भावही खाल्ला.

एका रविवारी शेजारणीचा डबा परत द्यायला गेले, तर तिच्या पाण्याच्या पिंपावर आमचं फुलपात्र. जाड स्टीलचं, आत्तींच्या लग्नातल्या सेटमधलं. मी घरी येऊन विचारलं, तेव्हा आत्ती भाकरी थापत होत्या.

“चार घरांत दिल्यात,” त्या म्हणाल्या. “एका मापाची. रोज कायतरी आणायला धाडती मी त्यास्नी. इरजण, हळद, पेपर. म्होरनं पाणी आलं की पितोय गडी. तान गेली, पर लोकाच्या दारात पाणी नको म्हणायचं न्हाय एवढी लाज हाय की अजून.”

उरलेलं त्या जेवणाबरोबर आणि ताकात घालत होत्या. चारी घरांना ताकीद होती, की भरून एकच द्यायचं, दुसऱ्याचा आग्रह नाही. आमच्या घरी महिनाभर दह्याला रोज वेगळी चव का येत होती, तेही मला तेव्हाच समजलं. आमच्या कोल्हापूरकडच्या माणसाला पाहुण्याचा आग्रह आवरायला लावणं ही मला मेंदूच्या ऑपरेशनइतकीच अवघड गोष्ट वाटते, आणि आत्तींनी ती चार घरांत करून दाखवली होती.

मग मला धडकी भरली. “आत्ती, त्या सगळ्या फुलपात्रांवर मामांचं नाव घातलंय की!”

त्यांचा हात थांबला. लग्नातली भांडी, कारागिरानं ठोकून काढलेलं ठसठशीत नाव. “घरातल्या भांड्यावरचं नाव कोण वाचतंय,” त्या हळूच म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकरी करपली. गल्लीनं मिळून आपल्याला फसवलं हे मामांना कळलं, तर ते त्या दारांत पुन्हा पाऊल टाकणार नाहीत, हे आम्हा दोघींना पक्कं माहीत होतं. आणि तक्त्याची गत काय झाली, तेही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी मी त्याच मापाची चार नवी फुलपात्रं पिशवीत घालून निघाले. पहिल्याच घराच्या कट्ट्यावर मामा बसले होते, हातात भरलेलं फुलपात्र. अंगठा नावावरून फिरत होता.

“बसा बाई,” ते म्हणाले. “पिशवीत काय, नवीन आणलासा व्हय?”

मी पिशवी खाली ठेवली. “कधी कळलं?”

“पयल्याच दिवशी. माझं नाव मला वाचाय येत न्हाय व्हय? तीस वर्सं पावत्या लिवल्यात.”

“मग चिडला नाही? पिताय कशाला?”

त्यांनी जरा सरकून मला जागा केली. आवाज पहिल्यांदाच गल्लीला ऐकू जाणार नाही इतका खाली होता. “मला तान लागत न्हाय बाई. पर मी प्यालो न्हाय की हिचा घसा कोरडा पडतोय. दवाखान्यात बघितलंय मी. आठ दिस तिनं व्हटाला पाणी लावलं न्हवतं.” मग त्यांनी फुलपात्र तोंडाला लावलं आणि तळापर्यंत रिकामं केलं. “तिला सांगू नगा. दोन घरं व्हायची हाईत अजून, बसा तुमी.”

म्हणजे माझं पहिलं घर हे त्यांचं दुसरं होतं. मी तशीच घरी परत आले. आत्ती दारातच होत्या.

“बदललीस?”

“बदलली,” मी म्हणाले.

त्यांनी माठातून तांब्याभर पाणी घेतलं आणि उभ्या उभ्याच सगळं पिऊन टाकलं.