पहिल्या फेरीचा मान

माझ्या लेकीला, प्रियंकाला, पोहता येत नाही. मलाही येत नाही, पण मी कशाला धरणात जाते? ती उद्या सकाळी जाणार आहे, मच्छीमार सोसायटीच्या बोटीत, तिनंच बांधलेल्या इंजिनावर. तिथली रीत अशी की ज्यानं इंजिन बांधलं त्यानं पहिल्या फेरीत बसायचं आणि त्या फेरीला वल्हं न्यायचं नाही. वल्हं नेणं म्हणजे मेकॅनिकचा अपमान. अंगात तरंगतं ठेवणारं जॅकेट देतात म्हणे. तरी दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नाही.

बी.एस्सी. होऊन ही मुलगी फुलसावंगीला रहमतचाचांच्या गॅरेजात शिकायला गेली, तेव्हा मी चार दिवस तिच्याशी बोलले नव्हते. आमच्या तांड्यातल्या मुली नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या; पाना कुणी हाती धरला नव्हता. आता कपाशीच्या फवारणीचे दिवस आले की चार गावांचे बंद पडलेले, पेट्रोलवर चालणारे फवारणीचे पंप आमच्या ओट्यावर रांगेत असतात. बिघाड काय आहे ते ती दोरी ओढताच सांगते.

तेच ऐकून सोसायटीचे रामधनभाऊ पोत्यात बांधलेलं बोटीचं इंजिन घेऊन आले. दोन वर्षं ओलीत पडलेलं. प्रियंकानं महिनाभर खपून पिस्टन, बेअरिंग, सगळं नवं घातलं. सुरू करायला दोरी ओढली, तर इंजिनानं असा उलटा झटका दिला की दोरीची मूठ तिच्या मनगटावर आदळली. ठिणगीची वेळ दाखवणारी, मॅग्नेट नावाच्या चाकावरची खूण जुळवून तिनं पुन्हा ओढली. पुन्हा झटका.

“हे फवारणीचा पंप नोहे, बाई,” रामधनभाऊ म्हणाले. आठवडाभर थांबतो, नाही तर नांदेडला नेतो, असंही सांगून गेले.

ती जेवली नाही. शेवटी चाचांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “बेटा, खुणेले कायले विचारते? पिस्टनले विचार.”

मग तिनं माझी विणायची सुई प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवली. पिस्टन चढला की सुई वर येणार. कुठवर आली की ठिणगी पडायला हवी, ते तिनं सुईवर शाईनं आखलं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या फटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद अडकवून त्याचं टोक माझ्या हाती दिलं. पॉइंट उघडला की कागद सुटतो, तीच ठिणगीची वेळ.

“हलकंच ओढून धर, याडी. सुटला की सांग.” आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

ती हातानं मॅग्नेट फिरवू लागली. “सुटला,” मी म्हणाले. सुई अजून कितीतरी खाली होती. प्रियंका हसायलाच लागली. मॅग्नेट काढलं, तर त्याला शाफ्टवर धरून ठेवणारी नखाएवढी चावी अर्धी कापलेली. मॅग्नेट सरकलं होतं, त्यासोबत खूणही, आणि आम्ही त्या खुणेवरच भरवसा ठेवून बसलो होतो.

नवी चावी बसवल्यावर कागद सुटला तो बरोबर शाईच्या रेघेवर. माझ्या बोटांना ते कळलं. एवढा आनंद मला माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

चालवून बघायला इंजिनाचा पंखा पाण्यात हवा, म्हणून ते बैलांच्या हौदाला अडकवलं. दुसऱ्याच ओढीला सुरू झालं. अर्धा हौद बाहेर आला, बैल दावं ताणून मागे सरले आणि कडब्याची पेंढी घेऊन येणारे हिचे वडील डोक्यापासून पायापर्यंत भिजले. ते तसेच उभे राहिले.

“आज माह्यं आंघोळीचं पाणी नको तापवू,” मला म्हणाले.

काल ती इंजिन घेऊन धरणावर गेली. माझा भाऊ उत्तमसिंग तिथंच राहतो. बोटीच्या तळाशी, जाळ्याखाली, एक वल्हं लपवून ठेव, असं त्याला सांगणार होते. नंबरही काढला होता. पण ते कुणाला दिसलं, तर सगळ्या काठासमोर तिच्या कामावर अविश्वास दाखवणारी तिची आईच ठरेल. आणि खरं सांगायचं तर माझा अविश्वास नाहीच. भीती आहे, ती राहू दे.

उत्तमसिंगला झोपू दे. फोन प्रियंकालाच लावते. सांगते, पहिल्या एसटीनं निघते, मी पोहोचेपर्यंत बोट सोडू नको, माझ्यासाठीही एक जॅकेट मागून ठेव.