रेडी

आमच्या तंजावरात मिक्सर दुरुस्त झाला तरी ‘रेडी’, इडली शिजली तरी ‘रेडी’, आणि माणूस तापातून उठला तरी ‘रेडी’च. पण कोपऱ्यावरच्या मिक्सरवाल्याइतका हा शब्द कुणीच उधळत नसेल. घरी तो आमच्यासारखंच तमिळ हेलाचं मराठी बोलतो. दुकानात मात्र वस्तू पुढ्यात ठेवली, की स्क्रू ड्रायव्हर शोधायच्या आधीच म्हणतो, “रेडी, अक्का!” मग आपण आठवडाभर खेटे घालायचे. मला त्या शब्दाचा रागच यायचा.

परवा आईला दम्याची धाप लागली आणि नेमकं नेब्युलायझर बंद पडलं. ते घेऊन मी त्याच्याकडे धावले. त्यानं मशीन उघडलं, पण तोंड उघडलं नाही. शेवटी मीच विचारलं, “रेडी?”

“थांबा अक्का. हे मिक्सर नोहे.”

आतला कचरा काढून त्यानं मशीन सुरू केलं, नुसतं पाणी घालून वाफ स्वतःच्या गालावर धरली. तरी समाधान होईना. शटर ओढून तो माझ्या स्कूटरवर मागे बसून घरी आला. आईनं मास्क लावला. तो दारातच उभा राहून तिच्या वरखाली होणाऱ्या खांद्यांकडे बघत राहिला. हळूहळू खांदे शांत झाले. तेव्हा कुठे तो पुटपुटला, “अम्मा रेडी.”

आईनं मास्क काढला. “अगं, त्याला कॉफी तरी दे.”

मी स्वयंपाकघरात पळाले आणि गॅस पेटवायच्या आधीच ओरडले, “रेडी!”