मळ्याच्या यादीत नसलेली मुलगी

अमेरिकेत प्लेनोला मुलाकडे राहायला लागल्यापासून एक बघितलंय. इथे कोणी काही विकायला आलं की आधी खूप हसतं. मुलाचा पुण्याचा मित्र त्या रविवारी तसाच हसत आला. फ्रान्समधल्या एका द्राक्षमळ्यात मुलाने हिस्सा घ्यावा, असं त्याचं म्हणणं. तिथे वाइन करतात. मुलाने म्हातारपणासाठी राखलेलं बहुतेक सगळं त्यात जाणार होतं, आणि सही त्याच दिवशी हवी होती.

त्याने एक गुळगुळीत पुस्तक आणलं होतं. मळा आजवर कोणाकोणाचा होता, ते त्यात छापलेलं. मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही. सून वाचून सांगत होती. आधी एक विधवा बाई, मग तिचे दोन मुलगे, मग एक विमा कंपनी, मग बेल्जियमचा कोणी, आणि आता हे विकणारे.

"भराभर विकला की," मी म्हणाले. "पाणी नाही का तिथे?"

"मावशी, तुम्ही पण ना! प्रीमियम प्रॉपर्टी आहे. सगळं लीगली क्लिअर आहे."

मी चित्रं बघत होते. त्या बाईच्या फोटोत मुलं तीन होती. दोन मुलगे आणि वेण्या घातलेली एक मुलगी.

"हिचं नाव कुठाय?"

"लग्न होऊन गेली असेल," मित्र म्हणाला.

"सही करून गेली का?"

"आई, प्लीज," मुलगा म्हणाला.

मित्र हसला. "मावशी, फ्रान्स आहे ते. तिथे तलाठी नसतो."

मग मी सांगून टाकलं. वडिलांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र माझ्याकडूनही लिहून घेतलं होतं. नुसता कागद आहे, म्हणाले भाऊ. साडी नेसवली, जेवायला घातलं. सातबाऱ्यावर दोघांचीच नावं आहेत.

मुलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दर सुट्टीत तो त्याच शेतावर राहायला जायचा. त्याने पेन खाली ठेवलं.

"त्या मुलीचं काय झालं ते लेखी आण. मग बघू."

"ऑफर आजच संपते यार."

"मग संपू दे."

मित्र पुस्तक घेऊन गेला. जाताना हसला नाही. दार लागल्यावर मुलगा माझ्यावरच चिडला. "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मामांशी भांडला असतास," मी म्हटलं, "आणि सुट्टीत माझ्या डोक्यावर बसला असतास."