सासरेबुवांचा पंप आणि मास्तरांचा कान

त्यांना सगळे कानमास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध लहानपणी आला तेवढाच, आणि त्यातही बराचसा वेळ त्यांचा कान गुरुजींच्या चिमटीत असे. पुढे त्याच कानानं त्यांना पोसलं. हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानात खुपसायची आणि डोळे मिटायचे. जमलेली मंडळी श्वास धरून उभी. मग डोळे उघडून मास्तर निकाल देत, "तिसरा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर तिसराच.

गेले सहा महिने मूठ कानाला लागत होती, पण पलीकडून कुणी बोलत नव्हतं. भाडेकरू एकेक वस्तू हलवत घर रिकामं करतो, तसे आवाज गेले. आधी पक्षी गेले, मग किटलीची शिट्टी, मग दाराची कडी, मग बायकोच्या वाक्यातला शेवटचा शब्द. हा शेवटचा तोटा मास्तरांनी आनंदानं सोसला. बाकीचे आवाज गेल्यानं मात्र त्यांना धडकी भरली होती. बहिऱ्या कानमास्तराकडे इंजिन घेऊन येणार कोण? म्हणून ते डोळे मिटत, थोडं थांबत आणि अंदाजानं निकाल देत. बऱ्याचदा बरोबर येई. चाळीस वर्षांचा अंदाज होता तो.

आठ दिवसांपूर्वी त्यांचा मेव्हणा ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॅक्टर मास्तरांच्या सासऱ्यांनी घेतलेला, म्हणून मास्तर त्याला 'सासरेबुवा' म्हणत. रंग उडालेला, चटकन तापणारा आणि गप्प बसवता न येणारा. साम्य पुष्कळ होतं. सासरेबुवा हल्ली अर्ध्या तासात उकळत होते. मास्तरांनी कान लावला. आत शांतता. पंपाखाली तांबूस ओघळ होता, पण वाळलेला.

"वॉटर पंप ठणठणीत," मास्तर म्हणाले. "थर्मोस्टॅट गेलाय."

थर्मोस्टॅट बदलला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

आज सासरेबुवा परत आले ते नाकातोंडातून वाफा सोडत. निवल्यावर पाणी भरलं आणि मेव्हण्यानं इंजिन सुरू केलं. मास्तरांनी पंपावर टोक टेकवलं, मूठ कानाशी नेली. पुन्हा तीच शांतता, विहिरीच्या तळाशी असते तशी. फक्त हातातला स्क्रू ड्रायव्हर वळवळत होता, मुठीत मासा धरावा तसा. मास्तरांना ते आवडलं नाही. पण 'काय ऐकू येतंय रे?' असं विचारायचं कसं?

मेव्हणा बाजूनं वाकून पंख्याकडे बघत होता. जुन्या ट्रॅक्टरांत पंखा पंपाच्याच दांड्यावर बसतो. त्याचा गाल आणि पाती यांच्यात वीतभर अंतर होतं. वर त्याच्या शर्टाची बाही सैल.

तेवढ्यात मास्तरांचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे गेलं. तिथे बायको उभी होती. तिचे ओठ हलत होते आणि तिनं दोन्ही तळहातांनी कान गच्च झाकले होते.

मास्तरांनी मेव्हण्याला कॉलर धरून मागे ओढलं आणि इंजिन बंद केलं.

पंखा सावकाश थांबला. शेवटच्या फेऱ्यात पातं डुलत आलं आणि रेडिएटरच्या जाळीला घासून गेलं. जाळीवर एक नवीकोरी, चकचकीत रेघ उमटली. मघाशी मेव्हण्याचा गाल होता, अगदी त्याच्यासमोर.

"अहो, काय किंचाळत होतं ते!" बायको जवळ येऊन म्हणाली. "आत भांडी थरथरली!"

मास्तरांनी पट्टा सैल केला आणि पातं धरून मागेपुढे हलवलं. पंखा पडत्या दातासारखा हलला.

"हा आवाज किती दिवस येतोय?" त्यांनी मेव्हण्याला विचारलं.

"पंधरवडा झाला, भावोजी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही कान लावून बसला होता की! कानमास्तराला आवाज मी सांगू? उद्या म्हणाल, मेव्हणा मलाच शिकवतो."

मास्तरांनी टप खाली सरकवला. पाणी टपात सोडलं. ते चहाच्या रंगाचं आलं. पंखा उतरवला, नळ्या काढल्या, बोल्ट सोडले. शेवटचा बोल्ट गंजून बसला होता. त्याला तेल पाजून, हातोडीनं हलकेच समजावून, अर्ध्या तासानं वळवला. पंप हातात घेतला आणि ते पोटाखालचं बारीक भोक शोधू लागले. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं, म्हणजे मालकाला वेळेवर कळतं. भोक नव्हतं. त्या जागी भेगा बुजवायच्या राखाडी लांबीचा टणक गोळा होता.

"हे कुणी बुजवलं?"

"मीच," मेव्हणा अभिमानानं म्हणाला. "सारखं ठिबकायचं. एकदम बंद झालं बघा!"

"शहाण्या, ते पाणी मग बेअरिंगमध्ये शिरलं. तो बिचारा रडून सांगत होता, तू त्याचं तोंड बुजवलंस."

"आणि ओरडून सांगत होता तेव्हा?" बायको म्हणाली. ती मास्तरांच्या समोर उभी राहून, ओठ नीट हलवत बोलत होती. मास्तरांना एकदम कळलं की ती कित्येक महिने अशीच, समोर येऊन बोलते आहे.

टपातलं पाणी स्थिर झालं होतं. मास्तरांनी हात पुसले.

"तेव्हा मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "मला ऐकूच येत नाही."

मेव्हणा हसला. मग बहिणीचं तोंड बघून थांबला. मग त्यानं जाळीवरची रेघ बघितली, आणि हात आपोआप गालाकडे गेला.

मग बाकीचं काम सुरू झालं. जुनं गास्केट खरवडून काढलं, नवीन गास्केटला ग्रीस लावलं, नवा पंप बसवून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळले. पट्टा चढवला, पाणी भरलं. सासरेबुवा सुरू झाले. काटा हिरव्या पट्ट्यात चढला आणि तिथेच बसला. मेव्हण्यानं सीटवर बसूनच हुश्श केलं.

मास्तरांनी मात्र स्क्रू ड्रायव्हर बायकोपुढे धरला.

"इश्श, मला काय कळतंय त्यातलं!" असं म्हणत तिनं मूठ कानाला लावली आणि नवऱ्यासारखेच डोळे मिटले. मेव्हण्यानं सवयीनं श्वास धरला.

"पंप गुणगुणतोय," ती म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. टोक पंपावरून खाली सरकलं, आणखी खाली, इंजिनाच्या पोटावर जाऊन थांबलं. "इथे कुणीतरी दार ठोठावतंय."

"कसं?"

तिनं त्यांचा तळहात ओढून घेतला आणि त्यावर बोटानं ठोके द्यायला सुरुवात केली. पक्के, खोल, एकसारखे. मास्तर तळहाताकडे बघत राहिले. पंधरा दिवस उकळत्या इंजिनात तेल पाण्यासारखं पातळ होऊन आतली बेअरिंगं कोरडी झिजत होती. त्याचा हिशेब पंप बदलून मिटणार नव्हता.

"भावोजी, काटा तर मस्त आहे," मेव्हणा म्हणाला. "मी निघू का?"

मास्तरांनी उठून इंजिन बंद केलं. "खाली उतर," ते म्हणाले, "आणि तो टप रिकामा कर. आता तेल काढायचंय."

बायकोचं बोट अजून हवेत ठोके देत होतं.