दगा आप्पाची ताटं

दगा आप्पाला आमच्या गावाने फसवलं. हे आधी सांगतो, बाकीचं मागाहून. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना लोक अगोदर त्याचे गुण गातात आणि तक्रार शेवटाला ठेवतात, नाहीतर गिळून टाकतात. मी चिंध्यांचा व्यापारी आहे, सुरतेत बमरोलीला माझं गोदाम आहे. गठ्ठा फोडला की खोटा माल मी पहिल्यांदा बाजूला काढतो.

दगा हे त्याचं खरं नाव. आमच्या खानदेशात आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव असं ठेवतात. दगडाला कोण नेणार, म्हणून दगा. माझं नाव सुपडू, कारण मला जन्मल्यावर सुपात घालून शेजारणीला दिलं आणि मूठभर धान्याच्या बदल्यात परत घेतलं. म्हणजे माझा पहिला सौदा माझ्या स्वतःचाच. सुरतेच्या कापडबाजारात मात्र दगाचं नाव ऐकून शेटलोक हसायचे. ‘‘दगाभाई? तमारी साथे धंधो केम करवो?’’ दगाही हसायचा. मी भांडायला उठायचो, तो माझा सदरा धरून मला खाली बसवायचा.

तो गेल्याचा फोन आला तेव्हाही मी भांडतच होतो. टेम्पोतून गठ्ठे उतरत होते, हमाल म्हणत होता गठ्ठे ओले आहेत, मी म्हणत होतो नाहीत. तेवढ्यात दगाच्या सुनेचा, मीनाचा फोन. ‘‘काका, आप्पा गेले.’’ मी हमालाला म्हणालो, ‘‘जा, तुझंच खरं.’’ 

आम्ही दोघं एकाच गाडीने सुरतेला आलो होतो. आमचं गाव नंदुरबारकडचं, ना धड खेडं ना धड शहर, बाजार भरतो तेवढ्यापुरतं मोठं. दगा लूमखात्यात कारागीर झाला, मी त्याच खात्याच्या दारात पडलेल्या चिंध्या उचलून विकायला लागलो. लूमच्या खडखडाटात माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात आणि बाहेर आल्यावरही ओरडूनच बोलतात. दगाचे कान तिथेच मंद झाले. शेजारी बसूनही तो माझ्याशी नदीच्या पलीकडून बोलल्यासारखा बोलायचा. आवाज कमी यायचा त्याला, पण यायचा. हे वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण सगळी लबाडी इथेच आहे.

कतारगामला एका शेटच्या मुलीच्या लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. तिथल्या वाडीत, म्हणजे त्यांच्या समाजाच्या कार्यालयात, समाजाची ताटं होती, प्रत्येक ताटाच्या काठावर कुणाचं तरी नाव कोरलेलं. मी पोळीवर तुटून पडलो होतो, दगा ताट फिरवून फिरवून काठ वाचत होता. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं, घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने वाडीला ताटं देतात. दगाचं जेवण तिथेच थांबलं. सुरतेहून गावाला जाताना आमचे लोक साड्या नेतात, ड्रेसमटेरिअल नेतात. दगाने ही एक गोष्ट नेली.

लूम सोडून तो गावी परतला तेव्हा त्याचा मला फोन आला, अर्थातच ओरडून. ‘‘आरे सुपडू, नालामां बगळा उतरनात असं माले वाटनं. जवळ जाईसन दखं, ते लगीनन्या ताटल्या!’’ नाल्यात लग्नांतल्या थर्माकोलच्या पांढऱ्या ताटल्या साचल्या होत्या, पहिल्या पुराला त्या अडकून घाण पाणी खालच्या वस्तीत शिरायचं. ग्रामपंचायतीत ठराव व्हायचे, ताटल्या तिथेच. दगाने ठराव मागितला नाही, तो पुन्हा सुरतेला आला. सुरतेत बमरोली, पांडेसरा, उधना जिथे जिथे आमच्या गावची घरं आहेत तिथे तो फिरला आणि प्रत्येकाला एकच विचारलं, ‘‘तुमच्या घरातलं कोण गेलंय?’’ त्याच्या नावाची ताटं द्या, म्हणाला.

भांडीबाजारात भाव करायला अर्थात मी. दुकानदाराला मी घाम फोडला, उठून चालायला लागलो, त्याने परत बोलावलं, पुन्हा उठलो. शेवटी नाव कोरण्याचे वेगळे पैसे किती, यावर मी बाह्या सरसावल्या, तर तो शांतपणे म्हणाला, ‘‘मरेलाना नामना पैसा नथी लेतो, काका.’’ मी सरसावलेल्या बाह्या खाली केल्या. दगा रस्ताभर हसत होता. ‘‘सुपडू, आज तुले कोन्ही भांडू दिन्हं नही!’’ त्या ताटांत माझ्या आईचं नाव होतं. दगाच्या बायकोचंही होतं, कै. सुमनबाई. माझ्या आईचं नाव तिच्या हयातीत कुठल्या कागदावर धड लिहिलं गेलं नव्हतं. रेशनकार्डावर ते चुकलेलं होतं, सातबाऱ्यावर नव्हतंच. स्टीलवर पहिल्यांदा नीट उमटलं.

भाडं नाही, अनामत नाही, फक्त सावड, असा दगाचा नियम होता. आज तुझ्या शेतात मी राबतो, उद्या माझ्या शेतात तू, ही आमच्याकडची जुनी रीत. ज्याच्या घरी पुढचं लग्न आहे त्याने आजच्या लग्नाची ताटं धुवायची. दगाच्या घरापुढच्या हौदावर राख आणि काथ्या घेऊन बायका-पुरुष बसायचे, खरकटं शेळ्यांना, पाणी चर काढून केळीच्या बुंध्याला. वऱ्हाडाची वरात निघायची आणि मागे हौदावर ताटांचा खणखणाट सुरू व्हायचा. भांडलेली घरं तिथे शेजारी बसून ताटं घासायची, आणि घासताना नावं वाचली जायची. ‘‘ही बघ तुझी आजी, हिला जरा नीट घास, फार नखरेल होती.’’ नाला मोकळा झाला. खालच्या वस्तीत पाणी शिरायचं थांबलं. दगाला कुणी बक्षीस दिलं नाही आणि त्याने मागितलं नाही.

मग नव्या पोरांना लाज वाटू लागली. मुलीकडचे विचारतात, मेलेल्यांच्या ताटात लग्नाचं जेवण? अपशकुन नाही का? हे बोलणं कुठून सुरू झालं मला ठाऊक नाही. पण बाजारपेठेत कागदी-प्लास्टिकच्या ताटल्यांचं दुकान निघालं आणि हे बोलणं वाढलं, एवढं मी व्यापारी म्हणून सांगतो. दगा आजारी पडून नंदुरबारच्या दवाखान्यात होता, मीना त्याच्याजवळ होती. त्याच दिवसांत त्याच्या ओसरीलगतची ताटांची खोली रिकामी झाली.

दगा घरी आला तो अंथरुणावरच. लग्नसराई चालू होती. गावात बँडचा आवाज यायचा, पण हौदावरून काही यायचं नाही. त्याने विचारलं. त्याला सांगितलं गेलं, ‘‘आप्पा, धुताहेत ना ताटं, रोजच्यासारखी. तुमचे कान गेले आता.’’

त्याचा मला शेवटचा फोन आला तेव्हा तो पहिल्यांदाच हळू बोलला. ‘‘सुपडू, मना कान गयात रे.’’ मी म्हटलं, ‘‘गेले तर माझं कसं ऐकू येतंय?’’ तो म्हणाला, ‘‘हां. तुनं बोलनं ऐकू ई ऱ्हायनं. मंग ताटंस्ना आवाज कसा येत नही?’’ मला काय माहीत! मी सुरतेत, मला वाटलं आजारपणाने म्हातारा चळला. मी म्हणालो, ‘‘सणाला येतो, आपण दोघं मिळून वाजवू.’’ तो हसला नाही.

सुतक फिटल्यावरच्या गंधमुक्तीच्या जेवणाला मी गावी पंगतीत बसलो आणि माझ्यापुढे थर्माकोलची ताटली आली. दगाच्या दारात, दगाच्या नावाचं जेवण. मी वाढणाऱ्या पोराला विचारलं, ‘‘ताटं कुठंयत?’’ तो पुढे सरकला. जेवणाची व्यवस्था बघणारा एक जण धावत आला, ‘‘काका, शांत बसा ना, गाव आता पुढं गेलंय.’’ मी वरण-बट्टीसकट ती ताटली ओसरीवर आपटली. माझा राग सगळ्या गावाला माहीत आहे, माणसं दचकायला तयार होती. पण त्या ताटलीचा आवाजच झाला नाही. तुटली फक्त. एवढा मोठा राग आणि आवाज नाही... मला एकदम अंथरुणावरचा दगा दिसला, कान देऊन पडलेला.

मीनाने मला मागच्या दारी गाठलं. ‘‘काका, आम्ही दवाखान्यातून आलो तेव्हा खोली रिकामी होती. मला म्हणाले, आप्पांना सांगू नको, सहन होणार नाही त्यांना. त्यांच्या भल्यासाठी.’’

‘‘कोण म्हणालं?’’

‘‘सगळेच.’’

सुरतेला परतल्यावर मी भंगारवाल्यांकडे फिरलो. आमच्याकडचा माल कुठे उतरतो हे मला विचारावं लागत नाही. उधन्याला एकाला आठवलं. ‘‘हां सेठ, आया था नंदुरबार साइड से टेम्पो. नाम लिखी थालियां.’’ मी विचारलं, काय भावाने दिली? तो म्हणाला, जो मी सांगितला त्या भावाने. घासाघीस नाही, चहासुद्धा नाही, उतरवून निघून गेले. मी आयुष्यभर घासाघीस केली आहे. ज्याचा माल असतो तो भाव करतो, त्याला त्यात गुंतलेलं काहीतरी परत मिळवायचं असतं. ज्याला माल नजरेआड करायचा असतो तो भाव करत नाही.

बहुतेक ताटं भट्टीला गेली होती. काही चांगली निघाली ती कामगारांना जेवायला ठेवली होती. पत्र्याच्या शेडमध्ये एक ओरिसाचा माणूस भात खात होता. ताटाच्या काठावर अक्षरं होती, कै. सुमनबाई दगा... पुढचं त्याच्या अंगठ्याखाली. त्याने मला बघून थोडं सरकून जागा केली, ‘‘खाना खाओ सेठ.’’ मी उभाच राहिलो. त्याने जेवून नळाखाली ताट धरलं, घासलं, आणि खण्ण करून बाकीच्या ताटांवर ठेवलं. मी ते ताट मागितलं नाही. ते कुणाच्या तरी जेवणात होतं, आणि दगाने ताटं त्यासाठीच केली होती.

आईचं ताट मिळालं नाही. आता खानावळीत, लग्नात, कुणाच्याही घरी ताट समोर आलं की माझं बोट आधी काठावरून फिरतं. घरचे हसतात. रात्री भांडी घासण्याचा आवाज शेजारून आला की मी जेवता जेवता थांबतो...

गावातली माणसं हे वाचतील. वाचून म्हणतील, सुपडूला भांडण उकरायची सवय आहे. आहे. ताटं विकली, विकू देत. खोली कोणी उघडली, टेम्पो कोणी आणला, ते मी शोधून काढीन, तो माझा धंदा आहे. अपशकुन वाटला असेल तर तसं दगाच्या तोंडावर सांगायचं होतं. तो अंथरुणावरून ओरडला असता, तुमच्याशी भांडला असता, कदाचित हरलाही असता. पण हरलेला माणूस निदान आपल्या कानांवर विश्वास ठेवून मरतो. तुम्ही त्याच्या भल्यासाठी त्याला पटवलं की ताटं वाजताहेत आणि तोच बहिरा झाला आहे.

मला एकाच माणसाचं उत्तर हवं आहे. त्याच्या उशाशी बसून ‘‘आप्पा, तुमचे कान गेले’’ हे पहिल्यांदा कोण बोललं? सगळेच, हे उत्तर मी घेणार नाही. सगळे नंतर बोलले असतील. आधी ते एकाच तोंडातून निघालं. ते तोंड कोणाचं?