आमच्या साडूंची रिकामी टाकी

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या जव्हार-मोखाड्यात सापडायचा नाही, ही त्यांची ख्याती मीच पसरवली, आणि ती खोटी आहे.

तसा पुरावा भरपूर होता. झाकण असलेल्या कुठल्याच वस्तूवर साडूंचा विश्वास नाही. कुकर चढला की ते अंगणात जाऊन उभे राहतात, आणि मेहुणीने जेवायला हाका मारल्या तरी "निवू दे, निवू दे" करत भात गार होईपर्यंत आत येत नाहीत. लग्नात सोड्याची बाटली उघडायची तर आधी म्हाताऱ्या माणसांना मागे सरकवतात. पोशेऱ्याच्या एका बारशाला दारावर फुगे टांगलेले पाहून ते मागच्या दाराने, चुलीला वळसा घालून पाळण्यापाशी पोहोचले होते. आणि अशा माणसाला नोकरी कुठली मिळावी? जामसरच्या वाटेवर एका मुंबईकराने पेंटबॉलचं मैदान काढलं. शहरातली मंडळी तिथे येऊन एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायची, आणि त्या बंदुकांना लागणाऱ्या दाबलेल्या हवेच्या टाक्या साडूंच्या ताब्यात! टाक्यांना ते जावयासारखं वागवत. ऊन लागू देत नसत, आपटू देत नसत. मी एकदा सहज हात लावला तर म्हणाले, "भाऊ, भजी खाल्लीत ना? मग लांब. एवढ्या दाबाच्या हवेला तेल लागलं तर पेट घेईल."

मी सासरचा गॅसवाला. म्हणजे नोकरी मोखाड्याच्या कचेरीत, पण कुणाच्याही गॅसचा रेग्युलेटर बदलायचा तर बोलावणं मला. एका रविवारी मैदानावर गेलो, तेव्हा साडू एका टाकीचा जुना रेग्युलेटर बदलायच्या तयारीत होते. त्याच दाबाचा नवा रेग्युलेटर, नवी रबरी रिंग, साबणाचं पाणी, सगळं मांडून ते चहा सांगायला गेले. टाकीचा दाब दाखवणारा काटा शून्यावर. मनात म्हटलं, हे तर आपलं रोजचं काम. पाना लावला. रेग्युलेटर जेमतेम हलला आणि अडला. जोर मिळावा म्हणून मी पान्याला लोखंडी पाइप जोडायला घेतला.

"हात काढा, भाऊ."

साडू चहा सांगून परतले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. इतकं हळू बोलले की माझ्या अंगावर काटा आला. "टाकीच्या तोंडासमोरून नको. बाजूने मागे या."

त्यांनी टाकी बंदुकीला जोडली आणि डोंगराकडे तोंड करून चाप ओढायला लागले. टप्, टप्, टप्. चहा आला, निवला, त्यावर साय धरली, तरी हवा संपेना. आणि काटा? तो पहिल्यापासून शून्यावरच अडकलेला! मी खालीच बसलो.

"गॅसच्या सिलिंडरला स्वतःची झडप असते," साडू म्हणाले. "रेग्युलेटर काढला तरी गॅस आतच राहतो. इथे रेग्युलेटर हेच झाकण. तो अडला म्हणजे आत हवा आहे, सोडून द्यायचं. तुम्ही पाइप लावला असता तर तो सुटून तुमच्या तोंडावर आला असता. मग ताईला मी काय सांगणार होतो?"

टाकी खरोखर रिकामी झाल्यावर तोच रेग्युलेटर हातानेच सुटला. त्यांनी आटे कोरड्या फडक्याने पुसले, रिंग बदलली, नवा बसवला, हवा अगदी सावकाश भरली आणि साबणाचं पाणी लावून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही. मग त्यांनी टाकीला हात जोडले.

संध्याकाळी सासरी सगळे जमले. मैदानावर काय झालं, हे कुणी विचारायच्या आत मीच म्हणालो, "आज आमच्या साडूंनी काय केलं सांगू? रिकाम्या टाकीला घाबरून हात जोडले!" घर हसून लोळलं. पोरं त्यांना 'फुस्स काका' म्हणायला लागली. साडूही हसले. नंतर अंगणात एकटे भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "असू द्या भाऊ. खरं कळलं तर उद्यापासून गॅस बसवायला तुम्हाला कोण बोलावणार?"

त्यानंतर प्रत्येक लग्नात मी ती गोष्ट सांगत आलो. दर वेळी थोडी वाढवून.

परवा ऐकलं, की आमच्या धाकट्या मेहुण्याने त्याच मैदानावर काम धरलंय. साडू त्याला टाक्यांचं शिकवतात, तर तो म्हणतो, "भाऊजी, काटा शून्यावर आहे. परत रिकाम्या टाकीला घाबरलात?" साडूंनी मला एका शब्दाने काही म्हटलेलं नाही. मैदानाला कुलूप लागेपर्यंत ते त्याच्याजवळून हलत नाहीत म्हणे, आणि जेवायला उशिरा घरी येतात.

ती टाकी भरलेली होती, हे मेहुण्याला साडूंच्या देखत सांगणं माझ्याकडे बाकी आहे.